वजनाची पायरी

श्रोतेहो, जयपूर म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवते ते गाणे. जयपूर संस्थानातील उणियाऱ्याचे अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरास आले, शाहू महाराजांच्या दरबारी राहिले, आणि त्यांची गायकी महाराष्ट्राने आपल्या घरची मानली. ज्या शाहू महाराजांनी या गायकाला आश्रय दिला, त्यांनीच कोल्हापुरात खासबागेचे कुस्त्यांचे मैदान उभे केले. गाणे आणि कुस्ती या दोन्ही विद्या एकाच राजाच्या छत्राखाली नांदल्या. आज मात्र मी जयपूरची गोष्ट सांगणार आहे ती गाण्याची नव्हे. ती बळाची आहे, आणि बळापेक्षाही अधिक वजनाची आहे.

२३ डिसेंबर २०१७ या दिवशी जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियमच्या आवारात एक मुष्टियुद्ध झाले. एका बाजूस हरियाणातील भिवानीचा विजेंदर सिंग, दुसऱ्या बाजूस घाना देशाचा अर्नेस्ट अमुझू. दहा फेऱ्या झाल्या, तिन्ही पंचांनी विजेंदरच्या बाजूने कौल दिला, आणि व्यावसायिक मुष्टियुद्धातील त्याचा तो ओळीने दहावा विजय ठरला. वृत्तपत्रांत दुसऱ्या दिवशी जयाची बातमी आली, ती यायचीच. परंतु त्या बातमीत कुठेतरी आतल्या ओळीत एक आकडा होता: ७६.२ किलो. लढतीची ही वजनमर्यादा होती. हा आकडा बहुतेकांनी वाचून सोडून दिला असेल. मला मात्र त्या आकड्यातच सगळी कथा दिसते.

कारण हाच विजेंदर २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये उतरला होता तो ६९ किलोच्या गटात, आणि पहिल्याच लढतीत हरून परतला होता. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच गटात त्याने रौप्यपदक मिळवले. त्यानंतर त्याने एक पायरी वर चढण्याचे ठरवले आणि त्याच वर्षाअखेर दोहाच्या आशियाई स्पर्धेत तो ७५ किलोच्या गटात उभा राहिला. तेथे उपांत्य फेरीत त्याची गाठ पडली कझाकस्तानच्या बख्तियार आर्तायेवशी. हा आर्तायेव अथेन्सचा ६९ किलो गटातील सुवर्णपदकविजेता. तोही पायरी चढूनच आलेला. विजेंदर ती लढत हरला, पण कांस्यपदक घेऊन आला. दोन वर्षांनी, २००८ साली, बीजिंगला त्याच ७५ किलो गटात त्याने मुष्टियुद्धातील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवले. आणि २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोयेवला सात विरुद्ध शून्य गुणांनी हरवले. हा अतोयेव २००७ साली ८१ किलोच्या गटात जगज्जेता झाला होता आणि २००९ साली ७५ च्या. म्हणजे एक जण खालून वर आलेला, दुसरा वरून खाली उतरलेला, आणि मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडली. खालून आलेला जिंकला.

आपल्या भाषेत वजनाचे शब्द किती आहेत पाहा. तुल्यबळ माणसाला आपण ‘तोलामोलाचा’ म्हणतो. एकावर दुसरा वरचढ झाला की ‘शेरास सव्वाशेर’ म्हणतो. कुणाची सरशी होऊ लागली की त्याचे ‘पारडे जड’ झाले म्हणतो. मनुष्यांची झुंज म्हणजे मुळात तराजूचा व्यवहार आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असले पाहिजे. तरीही त्याच भाषेत ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हणही आहे. तराजू मान्य करायचा आणि तराजूला हरवणाऱ्याचे कौतुकही करायचे, असा हा आपला दुहेरी स्वभाव आहे. हलक्या वजनाचा योद्धा जेव्हा आपला गट सोडून वरच्या गटातील विजेत्याला आव्हान देतो, तेव्हा या दोन्ही भावना एकाच वेळी जाग्या होतात. म्हणून अशा लढतीला गर्दी लोटते.

परंतु हे वजनगट आले कोठून? जुन्या इंग्लंडात उघड्या मुठींनी लढणारे लोक वजनाची फारशी पर्वा करीत नसत. १८६७ साली क्वीन्सबरीच्या उमरावाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी हातमोजे आणले, तीन मिनिटांची फेरी आणली, पडलेल्याला उठण्यास दहा सेकंदांची मुदत दिली. पुढे १९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट ठरवून दिले. आज व्यावसायिक मुष्टियुद्धात त्यांची संख्या सतरा-अठरापर्यंत गेली आहे. या गटांना कुणी दुकानदारी म्हणतात, आणि गट वाढले की विजेतेपदे वाढतात, तिकिटे खपतात, यात खोटे काही नाही. पण मूळ कल्पना दयेची होती. ठोसा नुसत्या मनगटातून येत नाही. तो पायाच्या टाचेतून निघतो, कमरेतून वळतो, खांद्यातून सुटतो, आणि संपूर्ण देहाचा भार बरोबर घेऊन येतो. देह जितका भारी तितका तो भार अधिक. खाणाऱ्याने कितीही खुराक खाल्ला, दंड कमावले, मांड्या भरल्या, तरी त्याच्या कवटीतील मेंदू होता तसाच राहतो. पायरी चढणाऱ्याचे सारे अंग वाढते. ज्यावर ठोसा बसायचा असतो ती वस्तू तेवढी वाढत नाही.

ज्यांच्या नावाचे हे जयपूरचे स्टेडियम आहे ते महाराजा मानसिंग पोलोचे नामांकित खेळाडू होते; १९३३ साली त्यांच्या संघाने इंग्लंडात जाऊन तेथील मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. पोलोमध्ये प्रत्येक खेळाडूची योग्यता उणे दोनपासून दहापर्यंत आकड्यांत मोजतात, आणि दोन संघांत तफावत असेल तर अनेक स्पर्धांत दुबळ्या संघाला खेळ सुरू होण्यापूर्वीच तितके गोल देऊन टाकतात. मुष्टियुद्धात अशी सोय नाही. कमी वजनाच्या माणसाला कुणी चार ठोसे आगाऊ देत नाही. त्याने आपली उणीव आपणच भरून काढायची.

ती भरून काढण्याचा मार्ग काय, हे इतिहासात पाहण्यासारखे आहे. बॉब फिट्झसिमन्स हा कॉर्नवॉलात जन्मलेला आणि न्यूझीलंडात वाढलेला लोहार. भात्यापाशी घण मारून त्याचे खांदे पैलवानाचे झाले होते, पाय मात्र काटकुळेच राहिले. १८९१ साली तो मध्यम वजनाचा विजेता झाला. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातील कार्सन सिटी येथे त्याने सर्वांत वरच्या गटाच्या विजेत्याला, जेम्स कॉर्बेटला, गाठले. आरंभीच्या फेऱ्यांत त्याने बराच मार खाल्ला. चौदाव्या फेरीत त्याने छातीच्या पिंजऱ्याखाली, पोटाच्या मर्मस्थानी, एक ठोसा दिला आणि कॉर्बेट श्वासासाठी तडफडत खाली बसला. फिट्झसिमन्सने उंचावरच्या डोक्याचा हव्यास धरला नाही. आपल्या हाताला जे सहज सापडते तेथे घाव घातला.

उलट १८ जून १९४१ ची न्यूयॉर्कमधील लढत पाहा. बिली कॉन हा खालच्या गटातील विजेता, जो लुईस हा जड वजनाचा जगज्जेता. दोघांच्या वजनांत पंचवीस पौंडांहून अधिक अंतर. बारा फेऱ्या कॉनने वाऱ्यासारखा खेळ केला. आत शिरावे, दोन ठोसे द्यावेत, आणि लुईसचा हात येण्यापूर्वी बाहेर पडावे. बाराव्या फेरीअखेर गुणांत तो पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या तो नुसता पळत राहिला असता तरी जगज्जेता झाला असता. पण बाराव्या फेरीत लुईस डळमळलेला त्याने पाहिला, आणि याला आपण झोपवू शकतो असे त्याच्या मनाने घेतले. तेराव्या फेरीत तो समोरासमोर उभा राहून ठोशाला ठोसा देऊ लागला. फेरी संपण्यास दोन सेकंद उरले असता तो जमिनीवर होता. जोवर त्याला आपण लहान आहोत याची आठवण होती तोवर तो जिंकत होता. आपणही मोठे आहोत असे त्याला वाटले, त्या क्षणी तराजूने आपला हिशेब वसूल केला.

आणि कधी कधी माणूस प्रतिस्पर्ध्याकडून हरतही नाही. २५ जून १९५२ रोजी शुगर रे रॉबिन्सन हा मध्यम वजनाचा जगज्जेता जोई मॅक्सिमशी लढला. रॉबिन्सन साडेपंधरा पौंडांनी हलका. त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये उकाडा असा होता की दिव्यांच्या झोताखाली पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेला. लढतीतील पंचालाच दहाव्या फेरीनंतर उकाड्याने बाहेर पडावे लागले आणि दुसरा पंच आणावा लागला. रॉबिन्सन गुणांत स्पष्टपणे पुढे होता, पण आपल्यापेक्षा भारी माणसाला तेरा फेऱ्या सतत चुकवीत राहिल्याने त्याचे अंग निकामी झाले होते, आणि चौदाव्या फेरीसाठी तो आपल्या आसनावरून उठू शकला नाही. मोठ्या माणसाशी लढताना लहान माणसाला दुप्पट पावले टाकावी लागतात. त्या पावलांची किंमत लागते ती अखेरीस.

आपल्या काळातही ही परंपरा चालूच आहे. १३ सप्टेंबर २०२५ रोजी लास व्हेगासला टेरेन्स क्रॉफर्ड या अमेरिकन योद्ध्याने दोन गट वर चढून मेक्सिकोच्या कानेलो आल्वारेझचा गुणांवर पराभव केला. २०१४ साली हाच क्रॉफर्ड १३५ पौंडांच्या गटात जगज्जेता झाला होता. अकरा वर्षांनी तो १६८ पौंडांच्या गटात जिंकला. ही १६८ पौंडांची मर्यादा म्हणजेच किलोच्या हिशेबाने ७६.२, जयपूरला विजेंदर लढला तोच गट. आणि ज्या आल्वारेझला क्रॉफर्डने हरवले, तो स्वतः २०२२ साली एक पायरी वर चढून रशियाच्या बिवोलकडून हरला होता. चढणारा जिंकतोच असे नाही, हरतोच असेही नाही. म्हणून तर लोक पाहतात.

पण श्रोतेहो, या साऱ्या गोष्टी ज्यांनी स्वेच्छेने पायरी चढली त्यांच्या झाल्या. कधी ही चढण माणसावर लादली जाते. मणिपूरची मेरी कोम २०१० सालापर्यंत पाच वेळा जगज्जेती झाली होती, आणि ती सारी विजेतेपदे ४५ ते ४८ किलोंच्या दरम्यानची होती. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध प्रथमच आले, आणि त्यात गट ठेवले अवघे तीन: ५१, ६० आणि ७५ किलो. मेरी कोमचा गटच नव्हता. जिने आयुष्य या खेळाला दिले तिला सांगण्यात आले की वर चढा, नाहीतर घरी बसा. ती वर चढली. पहिल्याच लढतीत तिच्यापुढे होती पोलंडची कारोलिना मिखालचुक. ही मिखालचुक २००८ साली ५४ किलो गटात जगज्जेती झाली होती, त्याच वर्षी मेरी ४६ किलोत. दोघींचे गट ऑलिंपिकमध्ये नव्हते. एक खाली उतरली, एक वर चढली, आणि दोघी ५१ च्या उंबरठ्यावर भेटल्या. मेरीने ती लढत १९ विरुद्ध १४ गुणांनी जिंकली. उपांत्य फेरीत इंग्लंडच्या निकोला ॲडम्सपुढे मात्र उंची आणि हाताचा पल्ला नडला, ६ विरुद्ध ११ अशी ती हरली, आणि कांस्यपदक घेऊन आली. २०१४ साली त्याच ५१ किलोत तिने आशियाई सुवर्णपदक मिळवले. आणि २०१८ साली दिल्लीत ती सहाव्यांदा जगज्जेती झाली, तेव्हा ती परत आपल्या ४८ किलोंच्या गटात आली होती. माणूस आपल्या घरी परतावा तशी.

आता आपल्या मातीकडे वळतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले ते ५२ किलोंच्या गटात. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी होती. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोंच्या गटात खेळले. वर चढून गेले, म्हणजे अधिक तगडी माणसे समोर आली. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानचा इशी आणि सोव्हिएत रशियाचा मामेदबेकोव यांच्याकडून हरले. आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु या साऱ्या कथेत पाच किलोंच्या त्या पायरीचा उल्लेख क्वचितच होतो. बावीस वर्षांचा तरुण सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा त्याची हाडे भरतात. खाशाबा आपल्या वाढत्या देहाशी भांडले नाहीत. ते त्याच्याबरोबर वर गेले.

मी हे मुद्दाम सांगतो, कारण आज उलट प्रकार फार दिसतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. मग योद्धे आधीचे काही दिवस अन्न तोडतात, पाणी तोडतात, घाम गाळून अंग वाळवतात, तराजूवर उभे राहतात, आणि रात्रीतून पाणी पिऊन, जेवून कित्येक किलो परत मिळवतात. कागदावर दोघे समान. प्रत्यक्षात जो अधिक वाळला तो अधिक भारी. हौशी खेळांत तर वजन लढतीच्याच दिवशी सकाळी घेतात. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला काय घडले ते आपण विसरलो नसू. विनेश फोगट २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकला ५३ किलो गटात खेळलेली. पॅरिसला तिला ५० किलोंत उतरावे लागले. आदल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला हरवले, जिला तोवर आंतरराष्ट्रीय लढतीत कुणी हरवले नव्हते. रात्रभर ती वजन उतरवीत राहिली, केसही कापले, आणि सकाळी काटा शंभर ग्रॅमने पुढे गेला. अंतिम सामना गेला, पदक गेले. आपल्या स्वयंपाकघरात शंभर ग्रॅम म्हणजे मूठभर तांदूळ.

हे झाले जगाच्या चव्हाट्यावर. पण तालुक्याच्या ठिकाणी, शाळांच्या स्पर्धांत, पंधरा-सोळा वर्षांची मुले स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, घोंगडे पांघरून उन्हात पळतात, ते कुणाच्या कागदावर येत नाही. खालच्या गटात पदक सोपे जाईल असा त्यांना विश्वास दिलेला असतो. वाढत्या वयाच्या मुलाला हाडे भरण्याच्या काळात उपाशी ठेवायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे! अशा मुलाला कुणीतरी खाशाबांची ती पाच किलोंची पायरी सांगितली पाहिजे.

मग वर चढणे हेच योग्य काय? तसेही मी म्हणत नाही. बिली कॉन आणि रॉबिन्सन यांच्या कथा मी उगाच सांगितल्या नाहीत. वर चढण्याचा निर्णय ज्याच्या अंगावर ठोसे पडणार त्याचाच असावा; तिकिटे विकणाऱ्याचा नसावा आणि नियम करणाऱ्याच्या आळसाचाही नसावा. आपल्या जुन्या वस्तादांजवळ या बाबतीत एक शहाणपण होते. मैदानात कुस्ती जोडताना ते काट्याकडे पाहत नसत. मल्लाच्या मानेकडे, मांडीकडे, दमाकडे पाहत. याला कुणाशी लावावे, कुणाशी लावू नये, हे त्यांना कळे. तोलामोलाची जोड लावणे ही त्यांची विद्या होती आणि तीच त्यांची जबाबदारीही होती. काटा आला, पण ती नजर आणि ती जबाबदारी काट्याबरोबर आपण विकून टाकता कामा नये.

जयपूरच्या त्या रात्री विजेंदरचा हात पंचाने वर उचलला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. ६९ किलोंपासून ७६ पर्यंत यायला त्याला तेरा वर्षे लागली. तेरा वर्षांत सात किलो! एवढ्या सावकाश चढलेली पायरी पायाखालून सरकत नाही. लहान माणूस मोठ्याशी लढतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, आणि वाजवाव्यात. पण टाळी वाजवणाऱ्याला ठोसा लागत नाही, एवढे मनात ठेवून वाजवाव्यात.